पायाखाली लाव्हा नाही, डोक्यावर माळवद आहे

किल्लारीच्या भूकंपाला तीस वर्षं उलटून गेली. तरी सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यात जमीन जराशी हलली किंवा जमिनीतून गुडगुड ऐकू आली की अजूनही पहिला प्रश्न तोच निघतो : खाली ज्वालामुखी तर नाही ना? २०२२ च्या सप्टेंबरमध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत आवाज सुरू झाले. २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. २०२५ च्या एप्रिलमध्ये आपल्याच सांगोल्याजवळ २.६ चा किरकोळ धक्का नोंदला गेला. दर वेळी गावच्या पारावर, रेशनच्या रांगेत, शहरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर ज्वालामुखीचा विषय निघतोच.

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. भूगोलाच्या पुस्तकात भूकंप आणि ज्वालामुखी शेजारीशेजारी शिकवतात. जपान-इंडोनेशियाच्या बातम्यांत दोन्ही बरोबरच येतात. आणि आपला काळा पाषाण लाव्हा थिजूनच झाला आहे, हे तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यांच्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे. पण या चुकीची किंमत मोठी आहे. ज्वालामुखीपासून माणसं वाचवायची तर वेळेत गाव रिकामं करावं लागतं. भ्रंशावरच्या, म्हणजे खडकातल्या जुन्या भेगेवरच्या, भूकंपापासून वाचवायची तर घर आधीच नीट बांधावं लागतं. आपण ज्याची वाट पाहत बसतो ते संकट इथे येणार नाही, आणि जे येऊ शकतं त्याच्यासाठी भिंती तयार नाहीत. जिल्हा प्रशासनाने हे लोकांना स्पष्ट शब्दांत सांगितलं पाहिजे, आणि पैसा व मेहनत दोन्ही घरांकडे वळवली पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

पण आधी भूकंप आणि ज्वालामुखी यांचं खरं नातं नीट समजून घ्यायला हवं, कारण नातं आहे. ते नाकारून लोकांची समजूत पटणार नाही.

खडकावर ताण साठत जातो आणि जुन्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून अचानक सरकतात. ती भेग म्हणजे भ्रंश, आणि ते सरकणं म्हणजे भूकंप. शिलारस म्हणजे भूपृष्ठाखालचा वितळलेला खडक. तो वर किंवा आडवा सरकायला लागला की वाट काढताना आजूबाजूचा घट्ट खडक फोडतो, शेजारच्या भ्रंशांवर दाब टाकतो, आणि लहान लहान भूकंपांची रीघ लागते. म्हणजे ज्वालामुखीच्या प्रदेशातले बरेचसे भूकंपसुद्धा भ्रंशावरचेच असतात. फरक इतकाच की तिथे ढकलणारा हात शिलारसाचा असतो.

आइसलँडमधल्या ग्रिंडाविकचं उदाहरण यात फार बोलकं आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्या मासेमारीच्या गावाखाली धक्के एकामागून एक बसू लागले. त्यांची जागा बदलत होती आणि जमीन मोजता येईल इतकी खचत व ताणली जात होती. सुमारे १५ किलोमीटर लांबीची शिलारसाची एक उभी भिंतच जमिनीत घुसते आहे, हे तिथल्या शास्त्रज्ञांना त्यावरून कळलं. १० नोव्हेंबरच्या रात्री अख्खं गाव रिकामं केलं. उद्रेक झाला १८ डिसेंबरला, म्हणजे पाच आठवड्यांनी. भूकंपांनी दिलेला इशारा वाचता आला, म्हणून माणसं आधीच सुरक्षित जागी पोचलेली होती.

हवाईतल्या किलाउएआ ज्वालामुखीवर २०१८ मध्ये क्रम वेगळा लागला. ३ मे रोजी वस्तीत जमीन फाटून लाव्हा बाहेर आला आणि दुसऱ्या दिवशी, ४ मे रोजी, ६.९ तीव्रतेचा मोठा भूकंप झाला. आत घुसलेल्या शिलारसाने डोंगराची दक्षिणेकडची बाजू समुद्राकडे रेटली होती, आणि तिच्या तळाशी असलेला भ्रंश त्या रेट्याने सरकला. भूकंपामुळे ज्वालामुखी जागा झाला, अशी सोपी गोष्ट इथे लागू होत नाही. अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीवर १९८० मध्ये तर दोघांनी एकमेकांना हात दिला. शिलारसाने डोंगराची उत्तरेकडची कूस कित्येक आठवडे फुगवत नेली होती. १८ मे रोजी ५.१ चा धक्का बसला, ती कूस ढासळली, आतला दाब एकदम मोकळा झाला आणि स्फोट झाला. ५७ माणसं गेली.

उलट्या दिशेचे दाखलेही आहेत. जपानमध्ये १७०७ च्या ऑक्टोबरमध्ये प्रचंड भूकंप झाला आणि ४९ दिवसांनी फुजी ज्वालामुखी फुटला. चिलीत २२ मे १९६० ला ९.५ तीव्रतेचा, आजवर यंत्रांनी नोंदलेला सर्वांत मोठा भूकंप झाला आणि दोनच दिवसांत कोर्दोन काउये ज्वालामुखीचा उद्रेक सुरू झाला. आपल्या देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे. २००४ च्या डिसेंबरमधल्या सुनामीच्या भूकंपानंतर काही महिन्यांनी, २००५ च्या मेमध्ये, तोही धगधगू लागला. त्या भूकंपाचा त्यात नेमका किती वाटा होता हे सांगणं कठीण, कारण तो १९९१ पासून अधूनमधून जागा होतच होता.

आणि तरीही २०११ च्या मार्चमध्ये जपानला ९.० चा हादरा बसला, चारच दिवसांनी फुजीच्या पायथ्याशी आणखी एक सहाच्या वरचा भूकंप झाला, जगाने श्वास रोखला, आणि फुजी फुटला नाही. उपग्रहांच्या मोजणीत तर असं दिसलं की जपानमधल्या काही ज्वालामुखींचा परिसर त्या भूकंपानंतर काही सेंटिमीटर खाली बसला.

या सगळ्यातून जाणकार जे सांगतात ते असं. मोठ्या भूकंपाने आजूबाजूच्या खडकावरचा ताण बदलतो, शिवाय त्याच्या लाटा दूरवरचा शिलारस हलवून त्यातले वायू मोकळे करू शकतात. पण उद्रेक होतो तो आधीच टेकीला आलेल्या ज्वालामुखीचाच. पाडाला आलेला आंबा वळवाच्या पहिल्या झोतात गळतो, पण झाडाला फळच नसेल तर वाऱ्याने पाडायचं काय?

सोलापूरच्या जमिनीखाली ते फळ नाही. हे कशावरून म्हणायचं, ते थोडं सविस्तर सांगतो.

मोहोळ किंवा अक्कलकोट भागातली एखादी जुनी खोल विहीर पाहा. वर काळी माती, मग मुरूम, मग पाषाण. बऱ्याच विहिरींत पाषाणाच्या दोन थरांमध्ये हात-दीड हात जाडीचा तांबडा, विटेसारखा पट्टा दिसतो. पहिला लाव्हा थंड झाला, ऊन-पावसाने त्याचा वरचा भाग झिजून माती झाली, मग त्या मातीवर दुसरा लाव्हा येऊन पसरला आणि ती भाजून लाल झाली. म्हणजे हे उद्रेकसुद्धा मधे मोठमोठ्या खंडांनी झाले. काळ होता सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. भारताचा भूभाग तेव्हा आजच्यापेक्षा खूप दक्षिणेला होता आणि पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोतावरून तो सरकत होता, तो स्रोत आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. त्या बेटावरचा पितों द ला फूर्नेझ ज्वालामुखी आजही वरचेवर फुटतो. ज्या चुलीवर आपला दगड शिजला ती तिथे राहिली आणि आपण हजारो किलोमीटर उत्तरेला निघून आलो.

किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे खोल भोक पाडून पाहिलं गेलं. बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा, थर साधारण ३४० मीटर जाडीचा निघाला आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना, ग्रॅनाइटच्या जातीचा कठीण खडक लागला. वितळलेलं काहीही सापडलं नाही. गणेशपुरी-वज्रेश्वरीची किंवा कोकणातली गरम पाण्याची कुंडं पाहून शंका येते तीही रास्त आहे, पण खोल भेगांतून खाली उतरलेलं पाणी पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेने तापून वर येतं. त्यासाठी शिलारस लागत नाही.

मग इथे भूकंप होतात ते कशाने? भारताचा भूभाग वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे रेटला जातो आहे आणि समोर आशिया अडून बसला आहे. त्या रेट्याचा ताण हिमालयापुरता थांबत नाही, तो द्वीपकल्पाच्या जुन्या खडकातही साठतो. तिथे लाव्हाच्या थराखाली झाकलेले प्राचीन भ्रंश आहेत, वरून पाहून कुणालाही न दिसणारे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीत असाच एक भ्रंश सरकला आणि त्याची एक बाजू दुसरीवर चढली. तीव्रता होती ६.२, जगातल्या मोठ्या भूकंपांपुढे मध्यमच. पण केंद्र जमिनीखाली दहा किलोमीटरच्याही आत होतं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन आटोपून दमलेली माणसं घरात झोपलेली. सुमारे आठ हजार जणांचा जीव गेला. ते ठिकाण सोलापूरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत आहे.

कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंपही भ्रंशावरचाच. धरणातल्या पाण्याने तिथल्या ताणाला चालना दिली असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिथेही शिलारसाचा संबंध नाही.

आता आवाजांचं. उथळ जागी होणारा अगदी बारका भूकंपसुद्धा कठीण पाषाणातून जलद कंपनं वर पाठवतो, आणि ती हवेत शिरली की कानाला तोफेसारखी किंवा लांबच्या गडगडाटासारखी ऐकू येतात. बऱ्याच वेळा हादरा जाणवतही नाही, नुसता आवाजच येतो. घाबरायला होतं हे खरंच. रात्री दीड वाजता जमिनीतून आवाज आल्यावर लेकरांना घेऊन अंगणात बसणाऱ्या बाईला "अफवांवर विश्वास ठेवू नका" एवढंच सांगणं म्हणजे तिची बोळवण करणं आहे. आवाज अफवा नाही. अफवा आहे ती त्या आवाजाला चिकटवलेल्या लाव्हाची.

आवाज शिलारसाचा की खडक तुटल्याचा, हे यंत्राला ओळखता येतं. भूकंपमापकाच्या नोंदीत भ्रंश सरकल्याची खूण करकरीत असते. आधी एक टोकदार उसळी, काही क्षणांनी दुसरी, जास्त मोठी, आणि मग रेघ हळूहळू शांत होत जाते. शिलारस किंवा वायू भेगांतून वाहत असतील तर सुरुवात बोथट असते आणि संथ, एकसारखे हेलकावे बराच वेळ, कधी तासन् तास चालू राहतात. त्याच्या जोडीला जमीन फुगते आणि बाहेर पडणाऱ्या वायूंचं प्रमाण बदलतं. फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीवर १९९१ मध्ये या खुणा एकत्र वाचूनच तिथल्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी १५ जूनच्या महास्फोटाआधी हजारो लोकांना हलवायला लावलं.

हे वाचन दर वेळी सोपं नसतं, हेही मान्य करतो. २०२५ च्या सुरुवातीला ग्रीसच्या सांतोरिनी बेटाजवळ हजारो धक्के बसले, दहा हजारांहून जास्त लोक बेट सोडून गेले, आणि हे भ्रंशाचं काम की शिलारसाचं यावर जाणकारांतच कित्येक दिवस खल चालला. नंतरच्या अभ्यासात शिलारस आडवा सरकल्याचं दिसून आलं. उद्रेक झाला नाही. पण तो वाद जागृत ज्वालामुखींच्या प्रदेशातला होता. तिथे दोन्ही शक्यता खऱ्या होत्या. आपल्याकडे त्यातली एक शक्यता मुळातच नाही, आणि ती नाही हे सांगायला कुठल्याही अधिकाऱ्याला अहवालाची वाट पाहायची गरज नाही.

आता ज्या फरकामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. ज्वालामुखी बहुधा आगाऊ सूचना देतो, भ्रंश देत नाही. कुठला भ्रंश कोणत्या दिवशी सरकेल हे आज जगात कुणालाही सांगता येत नाही. लहान धक्क्यांची मालिका कधी मोठ्या भूकंपाआधी येते, बहुतेक वेळा नुसतीच विरून जाते, आणि त्या वेळी दोन्ही सारखीच दिसतात. किल्लारीत १९९२ मध्ये महिनोन् महिने धक्के बसले, ऑक्टोबरमध्ये तर साडेचारच्या आसपासचा बसला. लोक धास्तावले, बाहेर झोपले. मग सगळं शांत झालं आणि लोक घरात परतले. पुढे जवळजवळ एक वर्ष गेलं. एवढा काळ कुठलं गाव शिवारात काढेल?

म्हणून ज्वालामुखीची समजूत निरुपद्रवी नाही. ज्याच्या मनात ज्वालामुखी बसला आहे तो धूर शोधतो, विहिरीचं पाणी गरम झालं का ते पाहतो, जमिनीला भेग पडली का ते पाहतो. यातलं काही दिसलं नाही की निर्धास्त होऊन त्याच घरात झोपतो.

ते घर कसं आहे ते पाहा. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत बाहेरून भक्कम वाटते. प्रत्यक्षात ती एक भिंत नसतेच. बाहेरच्या बाजूला दगडांची एक ओळ, आतल्या बाजूला दुसरी, मधे कपच्या आणि चिखल. दोन्ही ओळींना आरपार बांधणारा लांब दगड बऱ्याच ठिकाणी टाकलेलाच नसतो. वर माळवद. लाकडी तुळयांवर किलचं, म्हणजे लाकडाचे आडवे तुकडे, त्यावर मातीचा थर, आणि पावसाळ्याआधी गळती थांबवायला त्यावर आणखी माती. वर्षानुवर्षं ती चढत जाते, काढत कुणीच नाही. उन्हाळ्यात असं घर थंड राहतं. सोलापूरच्या चाळीस-बेचाळीस अंशांत आजोबा-पणजोबांनी हे घर का बांधलं, ते वेगळं सांगायला नको. पण जमीन आडवी हलली की भिंतीच्या दोन ओळी एकमेकींपासून सुटतात, पोट फुगून दगड ढासळतात आणि वरची सगळी माती खाली झोपलेल्यांवर येते. किल्लारीत, सास्तूरमध्ये माणसं अशी मेली. जिथे माळवदाचा भार भिंतीवर न टेकता लाकडी खांबांवर पेलला होता, तिथे भिंत पडूनही काही ठिकाणी छप्पर उभं राहिलं आणि आतली माणसं निसटली.

यावर कुणी म्हणेल, भूकंपानंतर गावं नव्याने वसवली, नियम आले, आता हा विषय मागे पडला. मागे पडलेला नाही. पुनर्वसन झालं ते मुख्यतः पडलेल्या गावांचं. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, बार्शी तालुक्यांतल्या न पडलेल्या गावांत बरीच जुनी घरं आहेत तशीच आहेत, फक्त तीस वर्षांनी जास्त थकलेली. १९९३ पूर्वीच्या भूकंप-नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. २००२ च्या सुधारित नकाशात तो पट्टाच रद्द झाला आणि सोलापूर तिसऱ्या पट्ट्यात, म्हणजे मध्यम धोक्यात धरलं गेलं. शहरात नव्या इमारतींच्या आराखड्यात हे कागदावर तरी येतं. खेड्यातला गवंडी मात्र आराखडा पाहत नाही, तो मालकाच्या सांगण्यावर आणि सवयीवर बांधतो.

दुसरा आक्षेप प्रशासनातून येतो. जास्त बोललं की घबराट पसरते, म्हणून थोडक्यात "काळजीचं कारण नाही" म्हणावं. इटलीत लाक्विला शहराने याचे परिणाम भोगले आहेत. तिथे महिनोन् महिने लहान धक्के बसत होते, लोकांना धीर देणारी विधानं केली गेली, आणि ६ एप्रिल २००९ च्या पहाटे ६.३ चा भूकंप होऊन तीनशेहून अधिक माणसं गेली. तज्ज्ञांवर खटला झाला, शिक्षा झाली, पुढे शास्त्रज्ञ निर्दोष सुटले. भूकंप सांगता आला नाही हा त्यांचा गुन्हा नव्हताच. पण "काळजी नको" हे वाक्यही विज्ञानाने दिलेलं नव्हतं. जे खरं आहे ते तेवढंच सांगावं. लाव्हा येणार नाही, हे खात्रीने सांगता येतं. मोठा भूकंप येणार नाही, हे खात्रीने सांगता येत नाही. दोन्ही वाक्यं एकाच दमात बोलली पाहिजेत, आणि लगेच घराबद्दल बोललं पाहिजे.

सोलापुरात हे बोलणं फक्त मराठीत करून भागणार नाही. पूर्व भागातल्या विणकर वस्तीत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड, शहरात उर्दू आणि दखनीही. धक्क्यानंतर पहिल्या तासा-दोन तासांत जिल्हाधिकारी कार्यालयातून या सगळ्या भाषांत चार ओळींचा आवाजी निरोप गेला पाहिजे : केंद्र कुठे, तीव्रता किती, कारण काय, आणि आज रात्री माळवदाखाली झोपायचं की नाही. उशीर झाला की ती जागा कुणीतरी दुसरा भरतो.

यंत्रांची संख्याही वाढली पाहिजे. दोन-अडीच तीव्रतेच्या धक्क्याचं नेमकं ठिकाण आणि खोली कळायला जवळपास पुरेशी केंद्रं लागतात, आणि त्यांची नोंद लोकांना पाहता आली पाहिजे. विद्यापीठात आणि तालुक्याच्या महाविद्यालयांत भूगोल-भूशास्त्राची मुलं आहेत, त्यांना हे काम द्या. आपल्याच महाविद्यालयातल्या मुलीने "हा धक्का खडकाचा आहे, ही बघा त्याची रेघ" असं गावात येऊन दाखवलं तर लोक ऐकतील.

पण पैसा थोडाच असेल आणि एकच काम निवडायचं असेल, तर मी घर निवडीन. माळवदावरची जास्तीची माती उतरवणं हे पहिलं काम, त्याला फावडी, टोपल्या आणि मनुष्यबळ लागतं, ते रोजगार हमीत बसवता येतं का ते पाहावं. जुन्या भिंतीत ठरावीक अंतरावर भोक पाडून आरपार सळई-काँक्रीटचा जोड भरता येतो, कोपरे बांधून घेता येतात. किल्लारीनंतर हे तंत्र याच भागातल्या गवंड्यांना शिकवलं गेलं होतं. ते गवंडी आता म्हातारे होत आहेत, त्यांच्या हाताखाली नवी पोरं तयार करायला अजून वेळ आहे. आणि नव्या घरांसाठी तर वेगळी योजनाही नको. घरकुलाचे हप्ते आजही बांधकामाच्या टप्प्यांचे फोटो पाहूनच सुटतात. दारा-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना फिरलेला सळई-काँक्रीटचा पट्टा त्या फोटोत दिसल्याशिवाय पुढचा हप्ता सोडू नये, एवढा एक आदेश जिल्हा परिषदेने या वर्षीच्या बांधकामांपासून काढावा.